ज्येष्ठेच्या गालावरची रेघ

ऋजुताचं काम म्हणजे तुटलेल्या लोखंडाचा पंचनामा. पीथमपुरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती होती. कुठे गिअरचा दात उडाला, कुठे अॅक्सल मोडला, की तो तुकडा तिच्या टेबलावर यायचा. ती तो कापायची, आरशासारखा चकचकीत घासायची, त्यावर रसायनाचा बोळा फिरवायची आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायची. मग तुकडा बोलायला लागायचा. धातू आतून दाणेदार असतो हे शंभरातल्या नव्याण्णवांना ठाऊक नसतं. त्या दाण्यांना कुणी ठोकलं, कुणी ओढलं, कुणी पिळलं, ते सगळं त्यांच्या अंगावर उमटून राहतं, हे तर उरलेल्या एकालाही पटत नाही. ऋजुताला मात्र तीन वर्षांच्या नोकरीनंतरही ते बघताना अंगावर काटा यायचा. लग्नाच्या बोलण्यात ही गोष्ट काही कामाची नव्हती, म्हणून तिची आई ती कुणाला सांगत नसे.

तिचं घर देवासला, पण राहणं धारला, थोरल्या काकांकडे. कारखान्याची शिफ्टची बस धारहून सुटायची, आणि काकांचं घर बसच्या थांब्यापासून चार पावलांवर. काकांना सगळं गावच भाऊ म्हणे. सरकारी शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला, नियमानं चालणारा, भांडणात नेहमी चष्मा पुसत बसणारा माणूस. घर खरं चालायचं दुर्गाकाकूंच्या तालावर. पहाटे उठून ऋजुताचा डबा काकू करायच्या, आणि तो रिकामा आला नाही तर संध्याकाळी जाब विचारायच्या.

या दोन घरांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच, गौरीचे पितळी मुखवटे. पूर्वज धार दरबारी चाकरीला आले तेव्हा बरोबर आणलेले, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. रिवाज असा, की गौरी एक वर्ष धारला बसायच्या, एक वर्ष देवासला. मुखवट्यांची पेटी मात्र कायम धारला. देवासचा सण आटोपला की त्याच आठवड्यात मुखवटे धारला परत.

या वर्षी पाळी धारची होती. गणेशचतुर्थीला बारा दिवस असताना, एका मंगळवारी, काकूंनी पेटी उघडली. ऋजुता नुकतीच कामावरून येऊन चहा घेत होती. काकूंनी ज्येष्ठेवरचं फडकं सोडलं आणि त्या मटकन खालीच बसल्या.

ज्येष्ठेच्या कानापासून गालाच्या मध्यापर्यंत एक भेग गेली होती. केसासारखी बारीक, पण आरपार. दिव्यासमोर धरली तर उजेड दिसत होता.

"देवासला पाडली," काकू म्हणाल्या. "गेल्या वर्षी तिकडून आल्या, तेव्हाच पाडलेली असणार. पडल्याचा मार आत बसतो बाई, वर मागाहून दिसतो."

"काकू, तू तेव्हा पाहिली होतीस ना? तेव्हा तर ठीक होती."

"मग? आपोआप भंगली? सहा पिढ्या नाही भंगली ती?"

भाऊंनी चष्मा पुसला आणि निर्णय दिला. खंडित मूर्ती घरात ठेवायची नाही. येत्या रविवारी खलघाटला जाऊन नर्मदेत सोडायची. बहिणी जोडीनं आल्या, जोडीनंच जातील, म्हणून कनिष्ठाही. या वर्षी खड्यांच्या गौरी आणायच्या. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण काकूंनी देवासला फोन लावला आणि आपल्या धाकट्या जावेला, म्हणजे ऋजुताच्या आईला, जे बोलायचं ते बोलून घेतलं. काय बोलल्या ते ऋजुतानं बाहेरच्या खोलीतून ऐकलं. शेवटचं वाक्य होतं, "तुमच्या घरात लक्ष्मी सांभाळायची रीतच नाही!"

दहा मिनिटांनी आईचा ऋजुताला फोन आला. आवाज रडून बसलेला.

"ऋजू, कुणाला सांगू नकोस. माझ्या हातून निसटली होती गं. उतरवताना. खाली गादी होती, गादीवरच पडली. मी पाहिलं, काही झालं नव्हतं, म्हणून गप्प बसले. आता सहा पिढ्यांची गौर माझ्यापायी चालली. मी पुन्हा त्या मुखवट्यांना हात नाही लावायची. तुझ्या बाबांना पण सांगितलंय."

"आई, गादीवर पडून पितळ तडकत नाही."

"तू डोळ्यानं पाहिलंयस का?"

 प्रश्न तिच्या धंद्यातला होता. पाहायचं म्हटलं तर पाहता येत होतं! फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते, रागानं थोडे आणि उत्साहानं जास्त. रविवार पाच दिवसांवर होता.

खरी अडचण अशी, की गिअर कापता येतो, गौर कापता येत नाही. त्यावरही उपाय असतो. जागेवरच चिंचोक्याएवढा भाग घासून चकचकीत करायचा, रसायनानं दाणे उघडे पाडायचे, आणि त्यावर एक पातळ पारदर्शक पापुद्रा चिकटवून ठसा उचलायचा. मग मायक्रोस्कोपखाली धातू नाही, त्याचा ठसा बघायचा. मोठ्या यंत्रांचं असंच करतात. देवीचं कुणी केलं असेल असं वाटत नाही.

बुधवारी संध्याकाळी तिनं काकूंपुढे हे मांडलं.

"देवीला पॉलिश पेपर लावणार तू?" काकूंचा आवाज चढला.

"तू चिंच-मिठानं घासतेसच की. हे थोडं जास्त बारीक घासणं. आणि आतल्या बाजूनं, कानामागे. कुणाला दिसणार पण नाही."

"आणि पाहून काय होणार?"

"पडून तडकली की नाही ते कळेल. पक्कं. तू म्हणतेस तसंच निघालं तर मी स्वतः देवासला फोन करून सांगेन."

काकूंना आपल्या म्हणण्याची इतकी खात्री होती की त्या तयार झाल्या. पाट मांडला, ज्येष्ठेला हळद-कुंकू वाहिलं, "चूकभूल पोटात घाल" म्हटलं, आणि मग मुखवटा उलटा करून ऋजुताच्या मांडीवर दिला. ऋजुता घासत बसली. एकाहून एक बारीक पेपर, मग हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट. तासाभरानं भेगेच्या टोकाशी नखाएवढा आरसा तयार झाला. काकू शेजारी बसून वाती वळत होत्या, पण वाती वाकड्या होत होत्या, कारण डोळे इकडे.

मग ऋजुतानं प्रयोगशाळेतून आणलेली अमोनियाची कुपी उघडली. पितळेचे दाणे उघडे पाडायला तीच वापरतात. नाकाला झिणझिण्या आल्या. ती आता काकूंची समजूत घालणार, इतक्यात काकूच पुढे वाकल्या, त्यांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगोबाई, हा तर गोमूत्राचा वास! जुन्या गोमूत्राचा. मग शुद्धच आहे की. लाव, लाव. तिला सवय आहे त्याची."

बोळा ऋजुताच्या हातातच राहिला.

"सवय आहे म्हणजे?"

"म्हणजे काय, देवासहून आली की मी शुद्ध करते ना तिला. तुझा भाऊ विहंग घरात अंडी उकडतो, जिमच्या नावाखाली. मला काय कळत नाही होय? तिरला गावचा दूधवाला गोमूत्र आणून देतो बाटलीत. त्यात फडकं भिजवायचं, ज्येष्ठेला गुंडाळायचं आणि आठ-दहा दिवस डब्यात झाकून ठेवायचं. कनिष्ठेला नुसतं शिंपडते. मान थोरलीचा."

"किती वर्षं?"

"विहंगची अंडी सुरू झाली तेव्हापासून. तीन खेपा झाल्या."

ऋजुतानं कुपीचं बूच घट्ट लावलं.  कॉलेजात सरांनी सांगितलेली एक जुनी हकिकत तिला लख्ख आठवली. इंग्रजांच्या काळात याच देशात पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. न वापरता, न पाडता, नुसती ठेवल्याजागी. शेवटी कळलं, की ती घोड्यांच्या तबेल्यांजवळ ठेवलेली असत. लिदीचा, मुताचा तो अमोनिया, पावसाची ओल, आणि पितळेच्या अंगात घडवतानाच अडकून राहिलेला ताण. तिघं एकत्र आले की पितळ मरतं.

पण हकिकत म्हणजे पुरावा नाही. ती एवढंच म्हणाली, "काकू, हे नको. उद्या दुसरं आणते."

गुरुवारी तिनं दुसरं रसायन आणलं, फेरिक क्लोराईड, पिवळंजर्द, ज्याला कसलाही पवित्र वास नव्हता. बोळा फिरवला, पुसला, पापुद्रा चिकटवला, वाळल्यावर हलक्या हातानं सोलला.

"आधारला अंगठा देतो तसं," काकू म्हणाल्या.

"तस्संच!" ऋजुतानं तो ठसा दोन काचांमध्ये ठेवला आणि रात्रभर उशाशी घेऊन झोपली. झोपली म्हणजे पडून राहिली.

शुक्रवारी शिफ्टची बस इतकी हळू कधी चालली नव्हती. प्रयोगशाळेत पोचताच तिनं पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही. काच मायक्रोस्कोपखाली सरकवली, दिवा लावला, आणि चाक फिरवलं. आधी धुकं. मग धुकं फाटलं.

दाणे! एकाला एक लागून, वेड्यावाकड्या आकाराचे, टेकडीवरून माळव्यातली शेतं दिसतात तसे. आणि दाण्यादाण्यावर बारीक सरळ रेघांचे जुडगे, एक जुडगा असा, दुसरा त्याला तिरपा. हे हातोडीचे वार. पत्रा ठोकून गाल फुगवला, नाक काढलं, त्या प्रत्येक ठोक्याला दाणे आतल्या आत सरकले होते आणि सरकल्याची खूण अंगावर घेऊन बसले होते. ज्या कारागिराचं नावही कुणाला माहीत नव्हतं त्याचा हात ती बघत होती. दीडदोनशे वर्षांपूर्वी तो हात इथे, बरोबर इथे, पडला होता. ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि चित्र पुन्हा धुकट झालं, म्हणून तिनं घाईनं डोळे पुसले.

मग तिनं काच सरकवून भेग शोधली. आता सगळं या एका गोष्टीवर होतं. पडून, आपटून फाटली असती तर भेग शेतं चिरत सरळ गेली असती, आणि कडेचे दाणे ताणून लांबट झाले असते. 

भेग बांधाबांधानं गेली होती. एकाही शेतात पाय ठेवला नव्हता. दोन दाण्यांच्या मधून वळली, तिसऱ्याला वळसा घालून पुढे, मध्येच तिला फाटा फुटला, तोही बांधावरूनच. कडेचा एक दाणा ओढलेला नाही, एक चेपलेला नाही. अमोनियानं तडकलेल्या पितळेचं पुस्तकात असतं तसं चित्र, किंबहुना पुस्तकातल्यापेक्षा सुंदर.

"पियुष! भिया, इकडे ये, जल्दी!"

शेजारच्या टेबलावरचा पियुष, जो कठीणपणा मोजायच्या यंत्रावर बसायचा, धावत आला. त्यानं डोळा लावला आणि शीळ घातली. "क्या बात है यार! किसका पार्ट है?"

"गौरीचा."

"कौनसी गाडी में लगता है?"

ऋजुता इतकी हसली की शेवटी तिला खुर्ची धरावी लागली. तिनं भराभर फोटो काढले, पन्नासपट, दोनशेपट, पाचशेपट. आई सुटली! गादी निर्दोष, हात निर्दोष. फोन उचलून ती नंबर लावणार, तोच तिचा हात थांबला.

आई सुटली म्हणजे कोण अडकलं?

पहाटे केलेली तिच्या आवडीची मेथीची भाजी त्या क्षणी तिच्या डब्यात होती. दिवसभर तिला तो डबा उघडवेना. एक सोपी वाट होती. पितळ जुनं झालं, कुणाचाच दोष नाही, असं सांगून मोकळं व्हायचं. पण मग पुढच्या वर्षी देवासहून मुखवटे आले की काकू पुन्हा फडकं भिजवणार. आणि आई? आईला नुसतं 'जुनं झालं' पुरणार नव्हतं. ती मनात म्हणत राहिली असती, जुनं झालं होतं आणि मी पाडलं.

संध्याकाळी तिनं लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला, भाऊंना आणि काकूंना समोर बसवलं, आणि शेतं, बांध, हातोडीच्या रेघा, सगळं दाखवलं. भाऊ शाळेत तपासणीला आल्यासारखे पुढे वाकून बघत होते. "विलक्षण," ते दोनदा म्हणाले. मग ती अमोनियावर आली. 

"म्हणजे गोमूत्र अपवित्र?" काकूंचा चेहरा लाल झाला होता.

"नाही गं काकू. पण माणसाला चालतं ते पितळेला चालेल असं नाही. पितळेच्या भांड्यात तू ताक ठेवतेस का?"

"कळकतं."

"मग ताक अपवित्र आहे का?"

 चाळीस वर्षं भांडी सांभाळणाऱ्या बाईला हे समजायला मायक्रोस्कोप लागत नव्हता. त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"हातोडीचे म्हणालीस ते. तो ताण कनिष्ठेच्या पण अंगात असणार?"

"असणार. पण तो काढता येतो. भट्टीत अडीचशे अंशांच्या वर थोडं, तासभर. घाट बदलत नाही, आतला ताण तेवढा निघून जातो."

"मग काढ," काकू म्हणाल्या आणि न जेवता आत गेल्या.

भाऊंनी त्या रात्री पोथी काढली. रागाच्या भरात ती कुणी उघडलीच नव्हती. धातूच्या मूर्तीचा जीर्णोद्धार चालतो, असं तिच्यात चक्क लिहिलेलं होतं.

शनिवारी प्रयोगशाळेनं जे पाहिलं ते पुन्हा पाहणार नाही. साहेबांची परवानगी पियुषनं काढून ठेवली होती. नऊवारी नेसलेल्या दुर्गाकाकू शिफ्टच्या बसमधून, मांडीवर पेटी घेऊन, पीथमपुरला आल्या. दोघी बहिणींना भट्टीत ठेवलं, दार लागलं, आकडे चढायला लागले. काकू समोर स्टूलवर बसून श्रीसूक्त म्हणत होत्या. "आँटीजी, दो सौ साठ हो गया," पियुष अधूनमधून खबर देत होता, आणि पुढे पुढे तोही हात जोडून उभा राहिला. थंड झाल्यावर दोघी बाहेर आल्या त्या जरा काळवंडून, पण चिंच लावताच उजळल्या. दुपारी धारच्या कासाराकडून ज्येष्ठेच्या भेगेला आतून डाग देऊन घेतला. भट्टी आधी का आणि डाग मागाहून का, हे ऋजुतानं त्याला तीनदा समजावलं. कासार वैतागला.

रविवारी सकाळी काकू भाऊंना म्हणाल्या, "खलघाट नाही. देवास."

फोन न करता तिघं देवासला पोचले. दार उघडलं आईनं, आणि जावेच्या हातातली पेटी बघून ती भिंतीला टेकली. ती समजली, विसर्जनाआधी तोंडावर बोलायला आल्या. बाबा आतून आले आणि काय करावं न सुचून तिथेच उभे राहिले.

काकू चपला काढून सरळ आत गेल्या, खाली बसल्या. "तुझ्या हातून नाही भंगली," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून. मी शुद्ध करायला गेले. ऋजूनं फोटो काढलेत, बघ हवं तर."

आईनं फोटो बघितले नाहीत. तिला तेवढ्यानं सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ती उलट रडायला लागली. "नाही वहिनी. पडली होती माझ्या हातून. गादीवर. मी लपवलं तुमच्यापासून."

काकूंनी पेटी उघडली, ज्येष्ठेला बाहेर काढलं आणि तिच्या हनुवटीवर बोट ठेवलं. तिथे एक खळी आहे. कनिष्ठेला नाही, थोरलीलाच. येणाऱ्या-जाणाऱ्या सवाष्णी तिचं किती कौतुक करतात.

"ही कशी आली, माहितीये?"

"मुळातलीच ना?"

"माझं लग्न झालं त्या वर्षी मी जिन्यावरून पाडली हिला. नऊ पायऱ्या गडगडत गेली. मी वर थरथरत उभी. सासूबाईंनी उचलली, पदरानं पुसली, खळी पाहिली. मला वाटलं, आता माहेरी धाडतात. तर म्हणतात कशा, 'बघ, नवी सून आली तशी गौर हसायला लागली.'"

मागे उभ्या असलेल्या ऋजुताला हसू आणि रडू एकदमच आलं. चार दिवस तिनं या चेहऱ्याचा दाणा न् दाणा तपासला होता, आणि ही खळी घडवणाऱ्याचीच असं धरून सोडून दिली होती.

"त्या मला एवढंच बोलल्या," काकू म्हणाल्या.  "आणि मी तुला काय बोलले?"

त्यांनी ज्येष्ठा पुढे केली. "या वर्षी इथेच बसव."

आईनं पदरानं हात पुसले, आणि दोन्ही हातांनी ती घेतली.